उतार सोपा दिसतो

बारीकताईंना बारीक म्हणायला कुणाचीही जीभ रेटली नसती. अंगानं त्या पहिल्यापासूनच भरलेल्या. नकाशा कचेरीचे तीन जिने चढताना दोनदा थांबायच्या आणि कठड्याला धरून म्हणायच्या, "डोंगरांचे नकाशे काढता ते ठीक आहे, पण कचेरीच डोंगरावर बांधायची काय गरज होती?" नाव पडलं होतं ते त्यांच्या रेघेवरून. पारदर्शक फिल्मवर रंगाचा थर दिलेला असायचा आणि त्यावर सुईनं रेघ खरवडायची. ती केसाएवढी उतरली पाहिजे, आणि कितीही लांब गेली तरी मध्येच जाड होता कामा नये. ड्रॉइंगच्या हॉलमध्ये पंचवीस माणसं काचेच्या, खालून दिवा असलेल्या उजेडी टेबलांवर वाकलेली असायची, पण तशी रेघ दुसऱ्या कुणाची नव्हती. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. "रेघ ओढताना श्वास टाकायचा नाही," एवढंच त्यांनी लेकीला शिकवलं, आणि तेवढ्या भांडवलावर लेकीनं छत्तीस वर्षं नोकरी केली.

निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती. यजमान त्याच कचेरीच्या छापखान्यात होते. ते जाऊनही सहा वर्षं होत आली होती. ताई आता मुलगा आणि सुनेसोबत तीन खोल्यांच्या घरात राहायच्या. मुलगा विमा कंपनीत, सून औषधांच्या दुकानात. दिवसभर घर ताईंच्या ताब्यात. रेडिओ, खिडकीतली झाडं, आणि शेजारणीशी जिन्यात उभ्या-उभ्या तासभर "बसत नाही गं, निघतेच."

अडुसष्टाव्या वाढदिवसाला मुलगा एक मोठं, चपटं पार्सल काखेत मारून आला. चेहऱ्यावर चोरटं हसू.

"आई, डोळे मिट."

"या वयात डोळे मिटले तर लोक घाबरतात," ताई म्हणाल्या, पण मिटले.

उघडले तेव्हा समोर लाकडी चौकटीत, काचेखाली, एक जुना नकाशा होता. तपकिरी रेषांची दाट वेटोळी, निळे ओढे, हिरव्या रंगात पसरलेलं जंगल. शीटचा नंबर त्यांनी वाचलाही नाही. स्वतःच्या मुलाचा चेहरा जसा गर्दीत ओळखू येतो, तसा तो त्यांना ओळखू आला.

"राखीव जंगलाची शीट!" मुलगा म्हणाला. "तू सव्वीस वर्षांची असताना काढलेली. बाबा नेहमी सांगायचे ना, कचेरीच्या दारात लावली होती म्हणून? चार महिने शोधत होतो. छापल्याच होत्या थोड्या. एका जुन्या वस्तूंच्या दुकानात ही एकच मिळाली. आता अशा नकाशांची फॅशन आलीये, माहितीये तुला?"

सूनबाईंनी बाहेरच्या खोलीत, ताईंच्या खुर्चीसमोर, खिळा ठोकून घेतला. ताई "छान, छान" म्हणत राहिल्या. पण त्यांची नजर नकाशाच्या खालच्या डाव्या कोपऱ्याकडे जात होती आणि तिथून चटका बसल्यासारखी परत येत होती.

त्या कोपऱ्यात काय होतं, ते आता ताईंशिवाय कुणाच्या लक्षातही नसेल. ताईंचे तेव्हाचे साहेब केव्हाच वारले होते.

बेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तो सगळा डोंगराळ मुलूख सरकार राखीव जंगल म्हणून जाहीर करणार होतं, आणि समारंभात नकाशा टेबलावर हवा होता. विमानातून काढलेले फोटो आले, यंत्रावरच्या माणसानं त्यावरून समोच्च रेषा पेन्सिलीनं उतरवल्या. समोच्च रेषा म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणारी रेषा. रेषा एकमेकींना चिकटल्या की कडा; लांब-लांब असल्या की सोपा उतार. जंगलात जाणारा माणूस पाऊल कुठे टाकायचं ते या रेषांवरून ठरवतो. पण एका घळीवर फोटोत ढग आला होता. पेन्सिलवाल्यानं तिथे दोन बोटं जागा कोरी ठेवून "ढग" असं लिहून दिलं होतं.

अशा जागी काय करायचं याचा नियम होता. अलीकडच्या आणि पलीकडच्या रेषा अंदाजानं जोडायच्या, पण तुटक काढायच्या. तुटक रेषा बघितली की वाचणाऱ्याला कळतं, इथे आम्हाला खात्री नाही, तुमचं तुम्ही बघा. ताईंनी नियमाप्रमाणे तेरा रेषा तुटक काढल्या.

साहेब टेबलाशी आले, चष्मा कपाळावर चढवला, वाकून पाहिलं. "हे काय गं? नव्या चादरीला भोक पडल्यासारखं दिसतंय. सलग कर."

"साहेब, खाली काय आहे ते माहीत नाही आपल्याला."

"अलीकडे उतार, पलीकडे उतार, मध्ये काय विहीर असणारे? आणि जातंय कोण तिथे? अस्वलं नकाशा वाचतात का?"

सगळा हॉल हसला. ताईही हसल्या. पुढे आयुष्यभर त्यांना साहेबांच्या हुकमापेक्षा स्वतःचं ते हसणं जास्त आठवायचं. मग त्यांनी सुई घेतली आणि दुपारभरात एकेक फट भरली. सदुसष्ट फटी. काम इतकं सफाईदार झालं की यंत्रावरचा माणूससुद्धा म्हणाला, "आता मलाच शंका यायला लागली, ढग खरंच होता का." शीट दारात झळकली, ताईंना वरची जागा मिळाली.

एवढ्यावरच थांबलं असतं तर ताईंनी स्वतःची समजूत घातली असती. पण दोन वर्षांनी त्या भागाचे नवे फोटो आले. ताईंना तेव्हा सातवा महिना होता. सहज म्हणून त्यांनी फोटोंची जोडी, जिच्यातून चढउतार उठून दिसतात, दुहेरी भिंगाखाली धरली, आणि ती घळ उघडी पडलेली दिसली. सोपा उतार कसला! मधोमध सरळ तुटलेला कडा होता, वीस-पंचवीस मजल्यांच्या इमारतीएवढा. पाच रेषा एकमेकींच्या अंगावर पडायला हव्या होत्या तिथे ताईंनी त्या ऐसपैस पसरून ठेवल्या होत्या.

शुद्धिपत्र काढता आलं असतं. एक कागद भरायचा, चूक कुठे आणि कुणाची ते लिहायचं, सही करायची. ताईंनी कागद आणलासुद्धा. मग पाय सुजले, रजा सुरू झाली, मूल झालं. परत आल्यावर कळलं की नवी आवृत्ती यादीत आहे, निघेल कधीतरी. ताईंनी तो कोरा कागद खणात खाली सरकवला. नवी आवृत्ती निघायला सात वर्षं लागली.

तर तो नकाशा आता त्यांच्या खुर्चीसमोर टांगला होता. आठवडाभर त्यांनी त्याच्याकडे पाठ करून रेडिओ ऐकला. सूनबाईंच्या नजरेतून काही सुटत नसे. "आई, मान अवघडेल अशानं. आवडला नाही का?"

"आवडला गं. काचेवर उजेड येतो, डोळ्यांना त्रास होतो."

एका दुपारी, घरात कुणी नसताना, त्यांनी भिंग काढलं आणि नकाशासमोर उभ्या राहिल्या. म्हटलं, एकदा नीट बघून घ्यावं आणि विषय संपवावा. आणि काचेखाली त्यांना एक पेन्सिलीची रेघ दिसली. अगदी पुसट. एका खिंडीतून निघून ती त्या कोपऱ्याकडे येत होती. ताईंनी सलग केलेल्या रेषांमध्ये शिरत होती. अर्ध्यावर थांबली होती. जिथे थांबली तिथे एक छोटं वर्तुळ होतं. इतकं दाबून काढलेलं की कागद आत गेला होता.

त्यांनी चौकट खाली उतरवली, टेबलावर पालथी घातली आणि मागचा खाकी कागद ब्लेडनं कापला. नकाशाच्या पाठीवर, घडीजवळ, नीटस अक्षरात चार ओळी होत्या.

"पहिला मुक्काम, दोन ओढ्यांच्या संगमावर. पाय ठीक. दुसरा मुक्काम, खिंडीखाली. दादा घोरतो. तिसरा दिवस, फेरा वाचवण्यासाठी घळीतून. उतार सोपा दिसतो. दुपारी ओढ्यावर."

पुढे काही नव्हतं. वर तारीख होती. ताईंचा मुलगा तेव्हा पावणेदोन वर्षांचा होता. म्हणजे तो कोरा कागद खणात सरकवल्यानंतरची तारीख.

त्यांनी नकाशा परत चौकटीत घातला, चौकट भिंतीला लावली आणि तिन्हीसांजेपर्यंत तशाच बसून राहिल्या. स्वयंपाकाची आठवणही राहिली नाही.

"बरं नाही का?" मुलानं विचारलं.

"बरंय. तू हा नकाशा कुठून आणलास म्हणालास?"

दुसऱ्या दिवशी ताई त्या दुकानात गेल्या. बंद पडलेली घड्याळं, टाइपरायटर, कानाशी धरायचे काळे फोन. या सगळ्याच्या मध्ये दुकानदार एका आरामखुर्चीत असा बसला होता की त्याचीही जुनी वस्तू म्हणून चौकशी करावी.

"तो होय? मास्तरांकडून आला," तो म्हणाला. "मागच्या गल्लीत राहतात. शाळेत भूगोल शिकवायचे. घर आवरायला काढलं तेव्हा चार खोकी पुस्तकं दिली, त्यात होता. का, काही गडबड आहे का त्यात?"

"आहेत ते? मास्तर?" ताईंनी विचारलं.

"आहेत की! सकाळीच काठी टेकत दूध घेऊन गेले."

"आहेत", या एका शब्दावर ताई गल्लीच्या टोकापर्यंत जवळजवळ धावत गेल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की पाठीवर "दादा घोरतो" असंही लिहिलं होतं, आणि त्या दादाबद्दल आपण काहीच विचारलं नाही. त्या थबकल्या, आणि त्या दिवशी तशाच घरी परतल्या.

तीन दिवस त्यांनी स्वतःला नाना कारणं दिली. चौथ्या दिवशी सकाळी नकाशा चौकटीतून काढून गुंडाळला, भिंग पिशवीत टाकलं आणि मास्तरांच्या दाराची कडी वाजवली.

मास्तर सहासष्ट-सदुसष्टचे, शिडशिडीत, उजव्या पायात जरा लंगडे. खोली इतकी आवरलेली की कुणी राहतं की नाही असं वाटावं. एक पलंग, एक टेबल, दोन खुर्च्या. त्यांनी चहा केला, कप ताईंसमोर ठेवला.

"नकाशाबद्दल आलात ना? दुकानवाला म्हणाला, कुणी बाई विचारत होत्या. पाठीवरचं लिहिलेलं पुसून घ्यायचं राहिलं माझ्याकडून. जमवणाऱ्यांना स्वच्छ शीट लागते."

"मी जमवत नाही," ताई म्हणाल्या. "ते वर्तुळ कसलं आहे?"

मास्तरांनी कप खाली ठेवला. मग, वर्गात धडा सांगावा तशा सपाट आवाजात, त्यांनी सांगितलं. ते आणि त्यांचा थोरला भाऊ, दादा. दादा सुतारकाम करायचा. त्याला मुलगी होऊन सहा महिने झाले होते. वर्षातून एकदा दोघं डोंगरात जायचे. नकाशा मास्तरांकडे असायचा, सामान दादाकडे. तशी वाटणीच होती. तिसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, फेरा मारण्यापेक्षा या घळीतून उतरू, रेषा लांब-लांब आहेत, पाऊण तासात ओढ्यावर पोचू.

"धुकं होतं," मास्तर म्हणाले. "त्या घळीत बसलेलंच असतं म्हणे बाराही महिने. दादा पुढे होता. मागे वळून काहीतरी म्हणाला, मला नीट ऐकू आलं नाही. मी 'काय?' म्हटलं. तेवढ्यात तो नव्हताच."

बाराही महिने बसलेलं धुकं. ताईंच्या डोळ्यांपुढे पेन्सिलीनं लिहिलेला तो शब्द उभा राहिला, "ढग".

"मी वाट काढत खाली गेलो, त्यात माझा पाय मोडला. माणसं यायला दोन दिवस लागले. जंगलखात्याच्या साहेबांनी नकाशावर जागा दाखवायला सांगितली, ते वर्तुळ. अहवालात लिहिलं, 'नकाशा वाचण्यात चूक.' बरोबरच होतं. पुढे नवा नकाशा निघाला, त्यात कडा आहे म्हणे. मी पाहिला नाही. पाहून काय करायचं? माझ्या समजुतीप्रमाणे तो जुन्यातही असणार, मीच कुठेतरी चुकीच्या घळीत शिरलो असणार. आई फक्त एकदाच म्हणाली, 'तू मास्तर ना रे?' नंतर कधी विषय काढला नाही तिनं. वहिनींनी तर काहीच विचारलं नाही. पुढे तीस वर्षं मुलांना नकाशा वाचायला शिकवला मी, पण दर वर्षी तो धडा सगळ्यात शेवटी ठेवायचो. नकाशा चांगला होता हो, बाई. मीच नापास झालो."

आपण आता बोललो नाही तर कधीच बोलणार नाही, हे ताईंना कळलं.

"नकाशा चांगला नव्हता," त्या म्हणाल्या. "तुम्ही बरोबर वाचलात. तो मी काढलाय."

मास्तरांना आधी अर्थच लागला नाही. ताईंनी शीट टेबलावर पसरली, भिंग ठेवलं, आणि बोटानं एक रेषा दाखवली. "ही बघा. इथे रेघेला बारीकशी गाठ आहे. इथे पुन्हा. ही तुटक होती. फटी मी नंतर भरल्या. खाली काय आहे ते आम्हाला माहीत नव्हतं. तेरा रेषा, सदुसष्ट फटी."

मास्तर भिंगावर वाकले. खिडकीबाहेर कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं, ती काही सुरू होत नव्हती. मास्तर एकेक गाठ मोजत होते. ओठ हलताना दिसत होते. वीस-पंचवीसवर ते थांबले.

"तुम्हाला कधी कळलं, तिथे कडा आहे ते?"

इथे खोटं बोलता आलं असतं. आत्ताच कळलं, असं म्हटलं असतं तर कुणी पुरावा मागायला येणार नव्हतं.

"दोन वर्षं आधी," ताई म्हणाल्या. "तुम्ही जाण्याच्या दोन वर्षं आधी. मला शुद्धिपत्र काढता आलं असतं. मी काढलं नाही."

मास्तर ताठ उभे राहिले.

"उठा," ते म्हणाले. "जा तुम्ही. तो नकाशा घेऊन जा."

ताई जिना उतरल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की भिंग वरच राहिलंय. मागे जायची हिंमत झाली नाही.

घरी नकाशा परत चौकटीत घालावासा वाटला नाही. भिंतीवर रिकामी चौकट राहिली, त्यामुळे मुलाला सांगणं भागच पडलं. तो ऐकताना आधी चिडला, मग हळवा झाला. "आई, साहेबांनी सांगितलं म्हणून केलंस ना? तू नोकरमाणूस. आणि त्या माणसानं धुक्यात उतरायलाच नको होतं."

"सुई साहेबांच्या हातात नव्हती," ताई म्हणाल्या. "आणि धुक्याचं म्हणशील, तर धुक्यात माणूस दुसऱ्या कशावर विश्वास ठेवणार?"

"मग आता काय, या वयात पोलिसात जाणारेस?"

सूनबाई इतका वेळ भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "दुकानात आमच्याकडून चुकीचं औषध गेलं, तर आम्ही लिहून देतो. काय दिलं, कधी दिलं, कुणी दिलं. माणूस बरा होतो की नाही तो पुढचा भाग. पण कागद होतो. आई, तुम्ही लिहून काढा."

ताईंना हे पटलं. दोन दिवस त्या लिहीत आणि फाडत बसल्या. पहिल्या मसुद्यात साहेबांचा उल्लेख सहा वेळा आला होता, दुसऱ्यात तीन, शेवटच्यात एकच. तो कागद घेऊन त्या जुन्या कचेरीत गेल्या. आता लिफ्ट झाली होती. तिसऱ्या मजल्यावर उजेडी टेबलांच्या जागी संगणक होते आणि कुणाच्याही हातात सुई नव्हती. खिडकीवरच्या तरुण कारकुनानं कागद वाचला, पुन्हा वाचला.

"आजी, ही आवृत्ती रद्द होऊन जमाना झाला. आता सगळं उपग्रहावरून होतं. याचं मी काय करू?"

"घ्या आणि शिक्का मारा."

"पण कुठल्या फाइलीत लावू?"

"ते मला विचारू नका. चाळीस वर्षं उशीर झालाय, आणखी एक दिवस शोधा फाइल. पण पोच आत्ता द्या."

त्यांनी बाकावर बैठक मारली. जेवणाच्या सुट्टीनंतर कारकुनानं शिक्का मारला. ती पोच लावलेली प्रत ताईंनी मास्तरांच्या दाराखालून आत सरकवली. कडी वाजवली नाही.

अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी फोन आला.

"मी बोलतोय," मास्तर म्हणाले. "तुमचं भिंग माझ्याकडे आहे." मग म्हणाले, "वहिनींना मी सांगू शकत नाही. मी सांगितलं तर ते स्वतःला वाचवल्यासारखं होईल. तुम्ही याल?"

वहिनी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायच्या. बसमध्ये दोघं शेजारी बसली, पण एका शब्दानं बोलली नाहीत. उतरताना मात्र मास्तरांनी ताईंची पिशवी हातात घेतली. वहिनींचं शिवणकामाचं घर होतं. पुढच्या खोलीत दोन मशिनं, खुंट्यांवर अर्धवट शिवलेले कपडे, जमिनीवर चिंध्या. वहिनी सत्तरीच्या घरातल्या, ताठ, गळ्यात मोजपट्टी. दिराला पाहून त्यांनी मान डोलावली. वर्षातून दोनदा भेटणाऱ्या परक्यासारखी.

"बसा भाऊजी. या कोण?"

ताईंनी सांगितलं. या वेळी नकाशा नव्हता, भिंग नव्हतं, नुसतं सांगितलं. सगळं, हसण्यापासून खणातल्या कागदापर्यंत. सांगताना त्यांची नजर वहिनींच्या हातांवर होती. मशिनमध्ये अडकलेलं कापड त्या हातांनी सावकाश सोडवून घेतलं, घडी केली, बाजूला ठेवलं.

वहिनींनी एकच प्रश्न विचारला. "तुम्ही काढला तसा उतार तिथे खरंच असता, तर खाली पोचायला किती वेळ लागला असता?"

ताईंनी अशी गणितं हजारदा केली होती. "पाऊण तास."

"पाऊण तास," वहिनी म्हणाल्या. मग त्या दिराकडे वळल्या. "म्हणजे तुम्ही मला तेव्हा सांगितलं होतं ते बरोबर होतं. अंत्यविधी झाल्यावर दारात उभे राहून म्हणालात, 'वहिनी, पाऊण तासाचा उतार होता.' मला वाटलं, माणूस गेला तरी हे आपलं शहाणपण सोडत नाहीत. मी त्या एका वाक्यावर तुमच्याशी अडतीस वर्षं धड बोलले नाही, भाऊजी."

मास्तरांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलायला लागले. वहिनी उठल्या, त्यांच्यापाशी गेल्या. पण हात लावायची सवय नव्हती, म्हणून नुसत्याच उभ्या राहिल्या. मग गळ्यातली मोजपट्टी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "जेवून जा आज. मुलीला फोन लावते, तिलाही ऐकू दे तुमच्या तोंडून. तिचा बाप घोरायचा कसा, तेही सांगा. मला सांगता येत नाही, हसू येतं."

ताई उभ्याच होत्या. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. नजर रागाची नव्हती, पण तिच्यात जागाही नव्हती.

"तुम्ही आता निघा," त्या म्हणाल्या. "तुम्ही आलात हे चांगलं केलंत. पण मला तुमच्यासमोर रडायचं नाही."

ताई निघाल्या. बसथांब्यावर त्यांनी दोन बस अशाच जाऊ दिल्या, तेव्हा एका अनोळखी बाईनं त्यांना हाताला धरून बाकावर बसवलं. "कुणी गेलं का तुमचं?" तिनं विचारलं. ताईंना हो म्हणावं की नाही ते कळेना.

त्यानंतर मास्तर दोनदा घरी आले. पहिल्यांदा भिंग द्यायला, दारातूनच परत गेले. दुसऱ्यांदा आत येऊन बसले आणि मुलाशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. निघताना म्हणाले, "बाई, मी तुम्हाला क्षमा केली की नाही ते मला ठरवता आलेलं नाही. ठरलं की सांगेन." ताई म्हणाल्या, "सावकाश ठरवा." तेवढंच बोलणं, पण त्या दिवशी त्यांना नीट जेवण गेलं.

कचेरीतून तीन महिन्यांनी पत्र आलं. जुन्या नकाशांच्या संग्रहात त्या शीटला ताईंचा कागद कायमचा जोडला होता, आणि जंगलखात्याला कळवलं होतं की त्या अपघाताच्या अहवालात दुरुस्ती व्हावी. दुरुस्ती होईल की नाही, याबद्दल पत्रात काही नव्हतं. ताईंनी त्याच्या दोन प्रती काढल्या. एक मास्तरांना दिली. दुसरी वहिनींच्या पत्त्यावर टाकली, सोबत काही न लिहिता.

मास्तरांनी सांगितलं की प्रत पोचली, वहिनींनी ती वाचली आणि कपाटात ठेवली. मुलगी येऊन गेली, तिनंही वाचली. ताईंसाठी निरोप काही नव्हता. ताईंनी तो मागितलाही नाही. पण पोस्टमन साधारण अकराला येतो, आणि त्या सुमारास त्या जिन्यात शेजारणीशी बोलत उभ्या असल्या, तरी त्यांचा एक कान खालच्या दाराकडे असतो.